उघड्या टपाच्या दोन मोटारी



मोटारीच्या रूपावर बोलणारे पुष्कळ भेटतात. मोटार घेण्यापूर्वीं तिच्यांत काय पाहावें हें सांगणारे थोडे. आणि गमतीची गोष्ट अशी कीं, गाडी जितकी महाग तितकी पाहणी कमी. दहा लाखांची घरगुती गाडी घ्यावयाची झाली म्हणजे आपण चार ठिकाणीं चौकशी करतों, मेहुण्याचा सल्ला घेतों, लिटरला किती किलोमीटर पडतात हें विक्रेत्याला तीनतीनदां विचारतों. परंतु कोटीच्या घरांतली, दोनच माणसांची, टप उघडून वाऱ्यावर फिरावयाची गाडी घेणारा गृहस्थ तिच्या रंगावर भाळतो आणि सही करून मोकळा होतो. अशा खरेदीची खरी परीक्षा पहिल्या पावसाळ्यांत होते, आणि तोंपर्यंत पैसे परत मिळण्याची वेळ निघून गेलेली असते.

तुलनेसाठीं आज दोन गाड्या घेतों. एक बीएमडब्ल्यू कंपनीची झेड-फोर, तिच्यांतलीही एम-चाळीस-आय या नांवाची. दुसरी पोर्श कंपनीची ७१८ बॉक्स्टर. दोन्ही जर्मन कंपन्यांच्या, दोन्ही दोन आसनांच्या, दोन्हींचा टप कापडी. जगांत जेथें जेथें अशा गाड्या विकल्या गेल्या तेथें तेथें गिऱ्हाइकाच्या मनांत याच दोघींचा झगडा झालेला आहे.

हा विषय पनवेलकरांपुढें कशासाठीं, अशी शंका कोणी काढील. उत्तर सोपें आहे. मुंबईकडून आलेला रस्ता येथें फुटतो. एक फांटा बोरघाट चढून पुण्याकडे जातो, दुसरा पळस्प्याहून कर्नाळ्याच्या खिंडींतून कोंकण-गोव्याकडे उतरतो. कळंबोलीपासून निघणारा द्रुतगति मार्ग २००२ सालीं पूर्ण झाला. जानेवारी २०२४ मध्यें शिवडीपासून चिर्ल्यापर्यंतचा पावणेबावीस किलोमीटरांचा अटल सेतु खुला झाला. जमिनींना भाव आला, घराघरांत पैसा आला, आणि पैशाबरोबर हौसही आली. हौसेला मी नांवें ठेवणार नाहीं. उघडी, डौलदार मोटार महाराष्ट्राला नवी नाहीं. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींच्या घराण्याची जुनी मेबॅक गाडी निघते तेव्हां तिला पाहावयास लोक लोटतात. आणि आपल्याच जिल्ह्यांत अलिबागजवळ कार्लेखिंडींत चिंकारा नांवाची छोटी उघडी रोडस्टर तयार होत असे, तिच्यांत इसुझूचें एंजिन बसविलेलें होतें, हें किती पनवेलकरांना ठाऊक आहे? मुद्दा हौसेचा नाहीं, निवडीचा आहे.

प्रथम एक व्यवहाराची गोष्ट. बॉक्स्टरच्या या पेट्रोलवर चालणाऱ्या पिढीचें उत्पादन २०२५ सालीं आटोपलें. झेड-फोरची अखेरची आवृत्ति म्हणून खास गाडी त्याच सालीं जाहीर झाली. म्हणजे आतां ज्याला यांतली एखादी घ्यावयाची आहे त्याला बहुधा वापरलेलीच घ्यावी लागणार. नव्या गाडीच्या बाबतींत कंपनीच्या शब्दावर थोडें तरी विसंबतां येतें. वापरलेल्या गाडीच्या बाबतींत स्वतःच्या डोळ्यांवांचून दुसरा आधार नाहीं.

आतां कागदावरचे आंकडे. झेड-फोर एम-चाळीस-आयला सहा नळकांड्यांचें तीन लिटरचें एंजिन. शक्ति ३४० अश्वशक्तींची. उभ्या स्थितींतून शंभर किलोमीटरचा वेग गांठावयास तिला साडेचार सेकंद पुरतात. साध्या बॉक्स्टरला चार नळकांड्यांचें दोन लिटरचें एंजिन. शक्ति ३०० अश्वशक्तींची, आणि तोच वेग गांठण्यास तिला पांच सेकंदांच्या आंत-बाहेर लागतात. तिचा परमवेग तासाला २७५ किलोमीटर. झेड-फोरचा कंपनीनेंच २५० वर रोखून धरलेला. हे आंकडे दिवाणखान्यांत बोलावयास उत्तम. द्रुतगति मार्गावर सपाटीला वेगाची मर्यादा १०० ची आहे, घाटांत ती त्याहूनही कमी, आणि आतां ठिकठिकाणीं कॅमेरे डोळे लावून बसलेले आहेत. तेव्हां अडीचशें कीं पावणेतीनशें हा वाद पनवेल आणि खंडाळा यांच्या दरम्यान कोणाच्याच उपयोगाचा नाहीं. अर्ध्या सेकंदाचा फरक तर टोलनाक्याच्या रांगेंत सहज बुडून जातो. माझ्या मतें गिऱ्हाइकानें या आंकड्यांचा कागद एकदां वाचावा आणि घडी करून खिशांत ठेवावा.

खरा भेद आहे तो एंजिन कोठें बसविलें आहे यांत. झेड-फोरचें एंजिन पुढें, लांब बॉनेटखालीं. आणि चालक जवळजवळ मागच्या चाकांवर बसलेला. कंपनीनें गाडीचा भार पुढच्या आणि मागच्या चाकांवर निम्मानिम्मा वांटला आहे. बॉक्स्टरचें एंजिन चालकाच्या पाठीमागें, पण मागच्या चाकांच्या पुढें, म्हणजे गाडीच्या पोटांत. तें आडवें पसरलेलें असतें. दोन बाजूंचे दट्टे मुष्टियुद्ध करणाऱ्यांच्या ठोशांप्रमाणें समोरासमोर हलतात. अशा एंजिनाला बॉक्सर म्हणतात, आणि 'बॉक्सर' व 'रोडस्टर' या दोन शब्दांची सांगड घालूनच बॉक्स्टर हें नांव घडविलें गेलें.

एंजिन मध्यें असल्यानें काय होतें? पूर्वीं पाणक्ये कावड वाहून नेत असत, तें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना हें चटकन् समजेल. खांद्यावर आडवी काठी, दोन टोकांना दोन भरलेल्या घागरी. सरळ रस्त्यानें माणूस भराभर चालतो, पण कोपऱ्यावर वळावयाचें झालें म्हणजे घागरी त्याला वळूं देत नाहींत, आणि एकदां वळल्यावर थांबूंही देत नाहींत. तेंच वजन कमरेपाशीं घट्ट धरलें तर माणूस जागच्या जागीं गर्रकन् फिरतो. गाडीचें वजन मध्याजवळ गोळा केलें म्हणजे ती अशीच चटकन् वळते. वळणापाठीमागून वळण येणाऱ्या घाटांत बॉक्स्टर चालवणाऱ्याला जो आनंद होतो त्याचें मूळ यांत आहे, अश्वशक्तींत नाहीं. परंतु जी गाडी चटकन् वळते ती घसरली तर चटकन् गरगरतेही. दोन्ही गाड्यांत चाकें घसरूं लागतांच आपण होऊन ब्रेक लावणारी विजेची यंत्रणा आहे, तथापि ओल्या घाटांत तेलाचा थर पसरलेल्या वळणावर निसर्गनियमांपुढें तिचेंही कांहीं चालत नाहीं. नवशिक्याला पुढें एंजिन असलेली गाडी अधिक क्षमाशील वाटते. ती घसरण्यापूर्वीं इशारा देते आणि सांवरावयास वेळ देते.

या रचनेचा दुसरा परिणाम फारसा कोणी सांगत नाहीं. झेड-फोरचें बॉनेट उघडलें कीं एंजिन समोर दिसतें. बॉक्स्टरचें पुढचें झांकण उघडलें तर आंत सामानाची जागा, मागचें उघडलें तरी सामानाचीच जागा. एंजिन टपाखालीं दडलेलें. तेल आणि थंड करण्याचें पाणी भरण्याचीं तोंडें मागच्या डिकींत ठेवलेलीं, बस्स. रस्त्यांत कांहीं बिघडलें तर नाक्यावरच्या मेकॅनिकला तेथें हात घालतां येत नाहीं. गाडी उचलून मोठ्या कारखान्यांत न्यावी लागते. ज्याला पनवेलहून कोंकणांत जावयाचें आहे त्यानें आपल्या नेहमींच्या वाटेवर कंपनीचें सेवाकेंद्र कोठें आहे आणि गाडी वाहून आणण्याची सोय विम्यांत आहे कीं नाहीं, हें आधीं विचारावें.

आवाजाविषयीं एक शब्द. रांगेंत सहा नळकांडीं असलेल्या एंजिनांतील धक्के एकमेकांना छेद देऊन नाहींसे होतात, म्हणून झेड-फोरचा आवाज रेशमासारखा एकसंध आहे. बॉक्स्टरला २०१६ सालीं सहांचीं चार नळकांडीं झालीं तेव्हां तिच्या भक्तांनीं मोठी हाकाटी केली; पुढें २०२० सालीं कंपनीनें चार लिटरचें सहा नळकांड्यांचें एंजिन घातलेली जीटीएस काढून त्यांचें समाधान केलें. तिची किंमतही त्याच मानानें चढलेली असते.

आतां टपाकडे वळूं. हीच या गाड्यांची शोभा आणि हेंच त्यांचें मर्मस्थान.

दहा-पंधरा वर्षांपूर्वीं पत्र्याच्या घडीच्या छपराची मोठी चलती होती. कल्पना जुनीच, फ्रान्सच्या प्यूजो कंपनीनें १९३० नंतरच्या दशकांतच घडी होऊन मागें जाणारें पत्र्याचें छप्पर आपल्या गाडीला बसविलें होतें. १९९६ सालीं मर्सिडीजनें एसएलके गाडींत तें पुन्हां आणलें आणि मग सगळेच त्यामागें लागले. झेड-फोरच्या २००९ च्या दुसऱ्या पिढीला असेंच पत्र्याचें छप्पर होतें. परंतु तिसरी पिढी २०१८ सालीं आली ती पुन्हां कापडी टप घेऊन. मर्सिडीजची मोठी एसएल गाडीही २००१ पासून पत्र्याखालीं राहून २०२१ सालीं कापडाकडे परतली. याचें कारण असें कीं, पत्र्याच्या छपराचें वजन गाडीच्या माथ्यावर, जेथें तें मुळींच नको तेथें, बसतें. आणि छप्पर उघडलें कीं त्याच्या घड्यांनीं डिकी भरून जाते. कापडी टप हलका, लहान घडीचा आणि चटकन् मिटणारा. झेड-फोरचा टप दहा सेकंदांत उघडतो वा मिटतो, आणि डिकीची २८१ लिटरांची जागा टप उघडा असो वा बंद, तेवढीच राहते. बॉक्स्टरचा टपही साधारण तेवढ्याच वेळांत मिटतो.

पण दहा सेकंदांचें हें कौतुक ऐकतांना एक अट ध्यानांत ठेवावी. झेड-फोरचा टप ताशी पन्नास किलोमीटरच्या आंतच हलतो. द्रुतगति मार्गावर शंभरच्या वेगानें जात असतां वळवाची सर आली, तर पन्नासवर येईपर्यंत मागून येणारी मालमोटार आपल्याला क्षमा करीलच असें नाहीं. आणि पहिल्या सरीच्या वेळीं सगळ्यांचीच गडबड उडालेली असते. आभाळ भरून आलें असेल तर टप कळंबोलीलाच मिटवावा; भिजण्याच्या भीतीनें मधल्या मार्गिकेंत एकाएकीं वेग कमी करणें हा शुद्ध अविचार होय.

कोंकणपट्टींत वर्षाला अडीच-तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. हे टप ज्या देशांत जन्मले तेथें पाऊस असतो, पण आपल्यासारखी ऊब नसते. ओला टप घडी करून ठेवला कीं येथें चार दिवसांत कापडाला बुरशीचा वास येऊं लागतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे टपाच्या कडेनें जमणारें पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या. झाडाखालीं उभ्या केलेल्या गाडींत पालापाचोळ्यानें त्या तुंबतात. मग पाणी वाट शोधीत आसनांखालीं उतरतें, आणि आसनांखालींच पुष्कळदां विजेच्या तारांचीं जोडणीं असतात. वापरलेली उघडी गाडी घेतांना टपावर बादलीभर पाणी ओतून तें कोठून बाहेर पडतें हें समोर उभें राहून पाहावें. विक्रेता नाखूष झाला तर त्यांतही उत्तर आलेंच.

छप्पर नसलेल्या गाडीच्या मजबुतीचाही प्रश्न आहे. जोड्यांचें खोकें झांकणासकट पिळून पाहा आणि झांकण काढून पिळून पाहा. काय होतें तें कळेल. छप्पर गेल्यानें कमी झालेला ताठरपणा भरून काढण्यासाठीं दोन्ही कंपन्यांनीं खालचा सांगाडा जाड केला आहे आणि गाडी उलटल्यास डोक्याचें रक्षण व्हावें म्हणून आसनांच्या मागें मजबूत कमानी बसविल्या आहेत. वापरलेल्या गाडीला पूर्वीं अपघात झाला असेल तर हा ताठरपणा पहिल्यानें जातो. खडबडीत रस्त्यावर टप उघडून सावकाश गाडी चालवावी आणि समोरच्या कांचेची चौकट थरथरते कीं काय हें पाहावें. चौकट थरथरत असेल तर रंगाखालीं कांहीं तरी लपविलेलें आहे असें खुशाल समजावें.

पनवेलच्या रस्त्यांवर तिसरी अडचण जमिनीची. झेड-फोरचें पोट जमिनीपासून अवघें ११४ मिलीमीटर उंच आहे. बॉक्स्टरही तशीच बसकी. दोहोंच्या पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर जवळजवळ सारखें, एकीचें २४७० मिलीमीटर, दुसरीचें २४७५. आतां रस्तेबांधणीच्या नियमांप्रमाणें गतिरोधक ३·७ मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच, असा पसरट असावयास हवा. तसा असेल तर ही गाडी नावेसारखी त्यावर चढून उतरते. परंतु गल्लोगल्लीं लोकांनीं आपल्या मतानें बांधलेले आंखूड, उभट उंचवटे असतात. त्यांवर पुढचीं चाकें उतरलेलीं आणि मागचीं न चढलेलीं असतांना गाडीचें पोट नेमकें टेकतें. घरापासून हमरस्त्यापर्यंत असे किती उंचवटे आहेत तें मोजावें. उंचवटे मोजण्यांत लाज वाटावयाची कांहीं गरज नाहीं.

बसक्या गाडीला पुराचें भय अधिक. गाढी नदीच्या कांठच्या या गांवाला जुलै २००५ चा पाऊस सांगावयास नको. साचलेल्या पाण्यांतून गाडी नेली आणि हवेच्या वाटेनें पाणी एंजिनांत शिरलें, तर दट्टा तें दाबूं पाहतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं, आणि मग दट्ट्याचा दांडा वांकतो. नेहमींच्या विम्यांत ही हानि बहुधा धरीत नाहींत; एंजिनाच्या संरक्षणाचें वेगळें कलम घ्यावें लागतें. तें घेतलें आहे कीं नाहीं हें विमापत्रावर बोट ठेवून वाचावें.

सामानाची आणि माणसांची गोष्ट थोडक्यांत सांगतों. झेड-फोरला एकच डिकी, बॉक्स्टरला दोन, पुढें १५० लिटर आणि मागें १२५ लिटर. बेरीज जवळपास सारखीच. पण बॉक्स्टरची मागची डिकी एंजिनाच्या शेजारची असल्यानें ऊबदार होते. रत्नागिरीहून हापूसची पेटी आणावयाची तर ती पुढें ठेवावी, नाहींतर पनवेलला पोंचेपर्यंत आढीचें काम गाडीनेंच उरकलेलें असेल! आणि सही करण्यापूर्वीं घरांतल्या वडील माणसांना, विशेषतः आईला, एकदां त्या आसनावर बसवून उठवून पाहावें. तें इतकें खालीं असतें कीं लुगडें सांवरून उठतांना गुडघे आपलें मत स्पष्ट सांगतात. ज्या घरांत ही एकच गाडी राहणार असेल त्या घरांत दोन्हींपैकीं कोणतीच घेऊं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

कागदपत्रांविषयीं मात्र थोडें सविस्तर बोललें पाहिजे, कारण फसवणूक तेथेंच होते. मे २०२३ मध्यें झेड-फोर भारतांत आली तेव्हां दुकानांतली तिची किंमत ८९ लाख ३० हजार होती. बॉक्स्टर तिच्याहून बरीच महाग. दोन्ही परदेशांत बांधून आलेल्या. महाराष्ट्रांत अशा आयात गाडीवर नोंदणीचा कर किमतीच्या वीस टक्के पडतो. म्हणजे ८९ लाख ३० हजारांवर १७ लाख ८६ हजार रुपये. हा कर चुकविण्यासाठीं कित्येक गाड्या, जेथें कर हलका, अशा प्रांतांत खोट्या पत्त्यावर नोंदविल्या जातात. पांडिचेरीच्या पाट्या लावून मुंबईंत फिरणाऱ्या महागड्या गाड्या हें त्याचें प्रसिद्ध उदाहरण. अशी गाडी कांहीं लाखांनीं स्वस्त पडते. परंतु मोटार-कायद्याप्रमाणें दुसऱ्या राज्यांतली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथें ठेवली तर नव्यानें नोंदवावी लागते. जुन्या कचेरीचा ना-हरकत दाखला हवा, आणि येथला कर भरणें आलें. पहिल्या मालकानें वांचविलेला पैसा अशा रीतीनें दुसऱ्या मालकाच्या खिशांतून जातो. पनवेलची एम-एच-शेचाळीस पाटी असलेली किंवा निदान महाराष्ट्रांतली गाडी थोडी महाग मिळाली तरी तीच घ्यावी.

पेट्रोलचाही विचार हवा. आतां पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. इथेनॉलांत पेट्रोलच्या मानानें लिटरमागें सुमारें एक तृतीयांश उष्णता कमी, आणि तें हवेंतलें पाणी ओढून घेतें. रोज चालणाऱ्या गाडीला याचें फारसें वाटत नाहीं. पण ह्या गाड्या पावसाळाभर झाकून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि टांकींत महिनोन् महिने पडून राहिलेलें असें पेट्रोल चांगलें नव्हे. ज्या सालची गाडी घेत आहों त्या सालच्या गाडीला हें मिश्रण चालतें असें कंपनीकडून लेखी घ्यावें.

मग निवड कोणाची करावी? ज्याला पत्नीसह रविवारीं लोणावळ्याला जावयाचें, अधूनमधून गोव्याचा लांबचा रस्ता धरावयाचा, आणि एंजिनाच्या गुळगुळीत ओघाचा आनंद घ्यावयाचा आहे त्यानें झेड-फोर घ्यावी. ती पैशानेंही हलकी पडते. ज्याला गाडी चालविणें हेंच सुख, ज्याचा हात मुरलेला आहे आणि जो पहांटे पांचाला उठून केवळ वळणांसाठीं घाट चढून परत येणार आहे, त्याचें मन बॉक्स्टरवांचून भरणार नाहीं. आमच्या आळींतील एका तरुण इंजिनिअरानें मला हाच प्रश्न घातला तेव्हां मीं त्याला उलट विचारलें, "गेल्या वर्षांत पहांटे पांचाला किती वेळां उठलास?" त्यानें झेड-फोर घेतली.

टायरांची एक खूण सांगतों आणि आटोपतों. प्रत्येक टायराच्या अंगावर चार आंकडे छापलेले असतात. २३२२ असें असेल तर तो २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला. ह्या गाड्या फिरतात कमी आणि उभ्या राहतात फार, म्हणून त्यांचे टायर झिजण्यापूर्वींच वयानें टणक होतात. वरून नवे दिसतात, पण ओल्या रस्त्यावर पकड धरीत नाहींत. चारही टायरांचे आंकडे लिहून घ्यावेत. चाचणीसाठीं गाडी मागावयाची ती शक्य तर जुलैंत मागावी. पळस्प्याहून कर्नाळ्याच्या खिंडीपर्यंत टप मिटून, सावकाश, भर पावसांत जाऊन यावें. आणि परत आल्यावर खालीं वांकून दोन्ही आसनांखालचा गालिचा हातानें चाचपून पाहावा. ओला लागला, तर त्या दिवशीं किमतीची बोलणीं काढूंच नयेत.